मिलवॉकीची आयरिश जत्रा, मंडळवाल्या नजरेतून

मिलवॉकी म्हटलं की जर्मन. बिअरचे जुने कारखाने, सॉसेज, दुकानांवरची जर्मन आडनावं. शिकागोहून मिशिगन सरोवराच्या काठाने उत्तरेला गेलं की विस्कॉन्सिन राज्यातलं हे शहर लागतं. तिथे दर ऑगस्टमध्ये आयरिश लोकांची चार दिवसांची जत्रा भरते आणि जगातल्या मोठ्यात मोठ्या आयरिश जत्रांमध्ये ती मोडते, हे शिकागोत इतकी वर्षं काढूनही मला ठाऊक नव्हतं. ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं, "तुमच्या गणपतीच्या आधी एकदा जाऊन ये. तुला आवडेल."

खरं तर आयरिश उत्सव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे शिकागोची हिरवी नदीच येते. १९६२ पासून मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या सणाच्या सुमारास, प्लंबरांच्या युनियनची माणसं बोटीतून नदीत रंग टाकतात. पावडर असते नारिंगी, पण पाण्यात पडली की अशी हिरवीगार होते की बघत राहावं. रंग बघायला मजा येते, पण त्यानंतरचा दिवस मला झेपत नाही. हिरव्या टोप्या घातलेली पोरं सकाळी दहालाच झिंगलेली असतात. गंमत म्हणजे सेंट पॅट्रिकच्या मिरवणुका गाजवल्या त्या परदेशी गेलेल्या आयरिश लोकांनी. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, आणि डब्लिनमध्ये सरकारी परेड निघाली ती १९३१ साली. कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) आणि कोबी हे या सणाचं जेवणही अमेरिकेत रुळलेलं. आयर्लंडमध्ये कोबीबरोबर बेकन असायचं.

लेकीला घेऊन निघाले. ती चौदा वर्षांची आहे, म्हणजे निघाली हेच पुष्कळ. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून 'हायवाथा' ही गाडी दीड तासात मिलवॉकीला पोचवते. स्टेशनवरून आम्ही चालतच निघालो. वाटेत थर्ड वॉर्ड लागला. जुन्या विटांची गोदामं, आता त्यांत महागडी कॅफे, फर्निचरची दुकानं आणि आर्ट गॅलऱ्या. एकेकाळी ही आयरिश मजुरांची वस्ती होती. मारामाऱ्यांमुळे बाहेरचे लोक तिला 'ब्लडी थर्ड' म्हणायचे. २८ ऑक्टोबर १८९२ च्या संध्याकाळी इथे आग लागली, जोराच्या वाऱ्याने पसरली आणि चारशेहून जास्त इमारती जळाल्या. आयरिश कुटुंबं शहरात इतरत्र पांगली, त्यांच्या जागी इटालियन आले. जत्रेचं मैदान या वस्तीला अगदी लागून आहे. जिथून उठावं लागलं, त्याच्या शेजारीच लोक दरवर्षी मांडव घालतात. याची आठवण काढताना मात्र मला तिथे कोणी दिसलं नाही. बहुधा सगळ्यांना माहीत असावं.

मैदानाला हेन्री मायर यांचं नाव आहे. १९६० ते १९८८ अशी अठ्ठावीस वर्षं ते मिलवॉकीचे महापौर होते. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट पाहून आल्यावर आपल्याही शहराला असा मोठा उन्हाळी उत्सव हवा, असं त्यांनी घेतलं आणि १९६८ साली समरफेस्ट सुरू झाला. पुढे सरोवराकाठी पक्की मैदानं, पक्के रंगमंच उभे राहिले, आणि तयार जागा मिळाल्यावर एकेक समाज पुढे आला. १९७८ साली इटालियन, १९८१ साली जर्मन, आणि त्याच वर्षी आयरिश. १९८१ हे साल मला चटकन लक्षात राहिलं, कारण उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षी स्थापन झालं. म्हणजे वय सारखंच. पण त्यांच्याकडे कायमचे रंगमंच, आणि आम्ही दरवर्षी शाळेच्या हॉलच्या भाड्यावरून भांडतो.

आता कबूलच करते, मी सगळं मंडळवाल्या नजरेनेच पाहिलं. आमच्या गणपतीत माझ्याकडे कधी पार्किंग असतं, कधी जेवणाची रांग. त्यामुळे संगीताआधी माझं लक्ष गेलं कचऱ्याच्या पिंपांकडे (वेळच्या वेळी रिकामी होत होती), बायकांच्या स्वच्छतागृहांच्या रांगेकडे (लांब, पण सरकणारी), आणि स्वयंसेवकांकडे. स्वयंसेवक म्हणजे सत्तरीच्या पुढचे आजोबा, कॉलेजातली मुलं आणि मधल्या सगळ्या वयाची माणसं, एकाच रंगाच्या टीशर्टात. हजारो आहेत म्हणे. चार दिवसांत लाखाच्या आसपास माणसं येतात, तेव्हा तेवढे लागणारच.

संगीत एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी चालू असतं. एका मंचावर रॉकच्या अंगाने जाणारा बँड, दोन मिनिटं चाललं की एका तंबूत चारच माणसं गोल बसून फिडल आणि टिन व्हिसल वाजवतायत, त्यांच्यापुढे दहा श्रोते. मी त्या दहांत रमले. इलिन पाइप्स हे वाद्य मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. स्कॉटिश बॅगपाइपमध्ये तोंडाने हवा भरतात, इथे कोपराखाली छोटा भाता असतो, त्यामुळे वाजवणारा मधूनच बोलू शकतो, हसू शकतो. आवाजही मऊ, घरात बसून ऐकण्याजोगा. जत्रेच्या संस्थेने आयरिश संगीताचा मोठा संग्रहही उभा केला आहे, जुन्या तबकड्या, स्वरलिपी, छापील गाणी. जत्रेतून सुटलेले पैसे कुठे जातात याचं हे एक उत्तर मला फार आवडलं. आमच्याकडे शिल्लक राहिली की पुढच्या वर्षी ढोल घेतात.

लेक मात्र नाचाच्या मंचापाशी थांबली ती हलेना. वरचं अंग ताठ, हात बाजूला चिकटलेले, आणि गुडघ्याखाली नुसती वीज. कडक बुटांचा लाकडावर होणारा आवाज ऐकून ती म्हणाली, "आई, हे तत्कार आहे." (तिला चार वर्षं कथकला पाठवली, त्यातलं एवढं तरी राहिलं.) मुलींच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे भरगच्च टोप होते. ऑगस्टच्या उन्हात त्यांचं काय होत असेल, देव जाणे. रांगेत दोन-तीन काळ्या आणि एक आशियाई चेहऱ्याची मुलगी होती. कोणाच्या घरात कुठले आजी-आजोबा, हे नाच शिकवणारे विचारत नसावेत.

पलीकडे हर्लिंग हा आयरिश खेळ चालू होता. ॲश झाडाच्या लाकडाची चपटी काठी आणि छोटा कडक चेंडू. काठीने हवेतला चेंडू मारायचा, धावताना तो काठीवरच तोलायचा. गोलच्या आडव्या दांडीखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. मिलवॉकीत या खेळाचा मोठा क्लब आहे, आणि त्यात खेळणाऱ्या अनेकांचा आयर्लंडशी काडीचाही संबंध नाही. आयरिश वुल्फहाउंड कुत्र्यांचाही एक कोपरा होता. ते उभे असताना लेकीच्या कमरेच्या वर येत होते. खाण्याबद्दल फार बोलत नाही. इथे प्रसिद्ध आहे तो र्‍युबेन रोल, म्हणजे कॉर्न्ड बीफ, चीज आणि आंबवलेला कोबी चायनीज रोलमध्ये भरून तळलेला. आम्ही बटाट्यांवर भागवलं.

वंशावळी शोधून देणाऱ्या तंबूत सर्वांत शांत गर्दी होती. माणसं हातात कागद, जुने फोटो घेऊन उभी. आयर्लंडात १८४५ नंतर बटाट्याचं पीक रोगाने गेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातल्याच कोणाचं गाव, कोणाची बोट शोधायची असते. तिथल्या टेबलामागे बसलेल्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. शिकागोहून आले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "लेडी एल्गिन माहीत आहे का?"

मला माहीत नव्हती. लेडी एल्गिन ही दोन्ही बाजूंना चाकं असलेली मोठी आगबोट होती. १८६० साली थर्ड वॉर्डात 'युनियन गार्ड' नावाची आयरिश तरुणांची पलटण होती, तिचा कप्तान गॅरेट बॅरी. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर अलेक्झांडर रँडल गुलामगिरीच्या इतके विरोधात होते की पळून आलेल्या गुलामांना परत धाडण्याच्या केंद्रीय कायद्याविरुद्ध राज्याने उभं राहावं, असा विचार तिथे चालू होता. तशी वेळ आली तर तुम्ही कोणाच्या बाजूने, असं बॅरीला विचारलं गेलं. आपण केंद्र सरकारशी एकनिष्ठ राहू, असं तो म्हणाला. पलटणीची शस्त्रं काढून घेतली गेली. नवी शस्त्रं घ्यायला पैसे हवेत, म्हणून शिकागोची सहल काढली. सप्टेंबरात आगबोट भरून माणसं गेली, बायकामुलांसकट. परतताना ८ सप्टेंबरच्या पहाटे, वादळात, लाकडं भरलेलं 'ऑगस्टा' नावाचं शिडाचं जहाज तिच्यावर आदळलं. ऑगस्टा पुढे शिकागोला निघून गेलं, आगबोट फुटून बुडाली. काही माणसं फळ्यांवर तरंगत काठापर्यंत आली आणि तिथल्या लाटांत गेली. एडवर्ड स्पेन्सर या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा पाण्यात शिरून सतरा जणांना वाचवलं. सुमारे तीनशे माणसं गेली. नेमका आकडा कधीच कळला नाही, कारण प्रवाशांची यादीही बोटीबरोबर गेली. बॅरीही गेला.

आजोबा हे सांगताना पलटणीची बाजू सावरत नव्हते. "गुलामांच्या प्रश्नात आमचे लोक चुकीच्या बाजूला उभे होते," ते म्हणाले, "आणि तरी ती आमची माणसं होती." हे त्यांनी ज्या सहजपणे म्हटलं, त्याचं मला अप्रूप वाटलं. उत्सवात आपण आपल्या लोकांचं एवढं खरं सांगतो का, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला, कारण उत्तर माहीत होतं.

रविवारी सकाळी मोठ्या अँफिथिएटरमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, होते. त्या वेळेत येणाऱ्यांनी गरजूंसाठी टिकाऊ अन्न आणलं की तिकीट लागत नाही. आम्ही राजम्याचे डबे घेऊन गेलो. शेवटच्या रात्री सगळे कलाकार एकाच मंचावर चढतात आणि ठरवून काही न वाजवता वाजवत सुटतात. त्याला इथे 'स्कॅटरिंग' म्हणतात. परतीच्या गाडीसाठी आम्हाला ते अर्धवट सोडावं लागलं.

निघण्याआधी मी आजोबांना मंडळवाला प्रश्न विचारलाच. तरुण मुलं कशी टिकवता? त्यांनी नातवाकडे बोट दाखवलं. तो बर्फाच्या पिशव्या ढकलगाडीवर रचत होता. "त्याला भाषण देऊ नका," म्हणाले, "काम द्या, त्या कामाचा त्याला प्रमुख करा, आणि जेवणाचं कुपन द्या." लेकीने लगेच विचारलं, "आई, आपल्या गणपतीत साउंडचं काम मला मिळेल?" गाडीत बसल्या बसल्या मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की यंदा साउंड चौदा-पंधराच्या मुलांकडे देऊया, कुपनांसकट. दोन मिनिटांत खजिनदारांचं उत्तर आलं, "साउंड देऊ. कुपनं कुठल्या बजेटातून?"