चकल्या आणि काकूंचा प्रश्न

आज क्वीन्समध्ये काकूंकडे चकल्या करायला गेले होते. 4 नोव्हेंबर 2025 च्या न्यूयॉर्कच्या महापौर निवडणुकीचा आणि उमेदवार झोहरान ममदानीचा विषय निघाला. सोऱ्या फिरवता फिरवता काकू म्हणाल्या, "त्या ममदानीची आई हिंदू ना गं? मग हा मुसलमान कसा? काहीतरी लपवतोय बघ."

फार लागलं मला ते. लपवायचंय काय त्यात? आई चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर, जन्म ओडिशातल्या राउरकेलाचा. वडील महमूद ममदानी, जन्म 1946 चा, आपल्या मुंबईतला, वाढले युगांडात. मुलगा तर स्वतःला उघडपणे मुसलमान म्हणवतो. घरभाडं गोठवणं, मोफत बस, या त्याच्या आश्वासनांवरून काकूंनी हवं तेवढं भांडावं, माझ्याही मनात शंका आहेत. पण त्यावर एक शब्द नाही!

2008 मध्ये ओबामांच्या नावातल्या 'हुसेन'वरून हेच चाललं होतं. तेव्हा अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल, स्वतः रिपब्लिकन असून, टीव्हीवर म्हणाले होते की ओबामा ख्रिश्चनच आहेत, पण मुसलमान असते तरी काय बिघडलं असतं?

हे काकूंना सांगितलं. त्या गप्प झाल्या. कढईतल्या दोन चकल्या करपल्या, तरी लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "बसचं नक्की काय म्हणतोय गं तो?"