मेणवलीच्या घाटावर वळीव आला तेव्हा

आमच्याकडे लँडस्केप म्हटलं की वॉटरकलर हे जवळपास ठरलेलंच असतं. कॉलेजात तेच शिकवलं, रविवारी ग्रुपने बाहेर पडलो तरी तेच. पाठीवर एक सॅक, हँडमेड पेपर, पाण्याची बाटली, दीड तासात चित्र होतं आणि सुकतंसुद्धा. ऑइल म्हणजे खोलीत बसून करायचं काम, पोर्ट्रेट, ऑर्डरी, टर्पेंटाइनचा वास. मीही बरीच वर्षं असंच करत आलो. पण वाई-मेणवलीचे कृष्णाकाठचे घाट काढताना मला कायम काहीतरी कमी पडायचं. काळा दगड पाण्याच्या रंगात छान दिसतो, ओला दिसतो, पण त्याचं वजन येत नाही. उन्हात तो दगड नुसता काळा नसतो, वरच्या बाजूला आकाश पडून जांभळट दिसतो आणि पायऱ्यांच्या उभ्या बाजूला खालून उन्हाचा तांबूस उजेड चढतो, हे सगळं जाड रंगात थापल्याशिवाय मला मिळेना.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहमानांची चित्रं बघितली तेव्हा हे जास्तच डोक्यात बसलं. शाहू महाराजांचा हा दरबारी चित्रकार कोटीतीर्थाच्या काठी राहून तेच पाणी, तीच झाडं, तोच उजेड पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, १९३१ साली गेला. निसर्गासमोर बसून एवढं बघणारा माणूस आपल्याच भागात होऊन गेलाय, मग आपण ऑइलचा डबा घेऊन बाहेर का पडत नाही असं वाटायला लागलं. तसं बघितलं तर ऑइल बाहेर नेणं सोपं झालं तेच मुळी १८४१ नंतर, जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं तेव्हापासून. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, टोचून भोक पाडायचं आणि मग ते भोक बंद करत बसायचं.

तर सुताराकडून एक छोटी पेटी करून घेतली, झाकणात फळी अडकते, खाली पॅलेट, आणि बुडाला नट बसवलाय म्हणजे कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर चढते. आठ बाय दहा इंचाच्या एमडीएफच्या फळ्या, त्यावर गेसोचे, म्हणजे रंग धरावा म्हणून लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात. रंग सहाच, टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन. हिरवा नेतच नाही, मिसळूनच करायचा, नाहीतर सगळी झाडं एकाच दुकानातली वाटतात. आणि छत्री हवीच, कारण फळीवर ऊन पडलं की रंग उजळ दिसतो, आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर सगळं चित्र काळवंडलेलं.

मे महिन्यातली दुपार होती. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलाय, नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागेच, मी त्याच्या पश्चिमेच्या टोकाला उभा राहून पूर्वेकडे बघत होतो, ऊन पाठीमागून. पावसाळ्याच्या तोंडावर बायका वाकळा धुवायला येतात, त्या दिवशीही आल्या होत्या आणि धुतलेल्या वाकळा पायऱ्यांवर वाळत घातल्या होत्या, काळ्या दगडावर लाल, पिवळ्या, निळ्या ठिगळांचे मोठे मोठे चौकोन. मी आधी गडद भाग पातळ रंगात मांडून घेतला. वॉटरकलरमध्ये उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, तो सुरुवातीपासून जपायचा असतो, इथे उलट, अंधार आधी आणि उजेड शेवटी जाड रंगात चढवायचा. वरती फिकट निळं आकाश लावून झालं होतं, पायऱ्या चालू होत्या.

आणि समोर पूर्वेला आभाळ भरून आलं. बघता बघता ते एवढं निळं-काळं झालं की घाटच आकाशापेक्षा उजळ दिसायला लागला. एरवी लँडस्केपमध्ये आकाश सगळ्यात उजळ असतं, इथे ऊन अजून माझ्या मागून घाटावर, देवळाच्या शिखरावर, वाकळांवर पडतंय आणि मागे शाईसारखा ढग. असा उजेड फार तर पंधरा-वीस मिनिटं टिकतो. हातात वॉटरकलर असता तर नुसतं बघत बसलो असतो, कारण सुकलेलं फिकट आकाश झाकून त्यावर स्वच्छ गडद बसत नाही, मळतंच. इथे मी पॅलेट नाइफ घेतली आणि अख्खं आकाश खरवडून काढलं, अल्ट्रामरीन, सिएना आणि थोडं क्रिमसन एकत्र करून नवीन आकाश लावलं. फळीला राहिलेला फिकट निळा त्यात खालून मिसळला आणि ढगाला आतून एक राखाडी धग आली, ती मी ठरवून कधीच आणू शकलो नसतो. वाकळांना एकेकच फटकारा, भरलेल्या ब्रशने, परत हात नाही लावायचा.

थेंब पडायला लागले तशी एक मावशी ओरडली, "अवं दादा, पाऊस आला की, भिजंल न्हवं कागद तुमचा!"

म्हटलं, "मावशी, कागद नाही, फळी आहे. आणि रंग तेलाचाय, भिजत नाही."

"मग काढा की, आमच्या वाकळा तेवढ्या ऱ्हाऊ देऊ नका," असं म्हणत त्या सगळ्याजणी वाकळा गोळा करायला धावल्या.

ओल्या ऑइल पेंटवर थेंब पडलेला मी पहिल्यांदाच इतका जवळून बघितला. तो पसरतच नाही, गोल मणी होऊन रंगावर बसतो आणि त्याच्यात खालचा रंग मोठा होऊन दिसतो. फळी तिरकी केली की घरंगळून जातो, रंग जागचा हलत नाही. ब्रशला मात्र पाणी लागलं की तो नुसता सरकतो, रंग धरतच नाही, म्हणून दर वेळी फडक्याला पुसून मग रंग उचलायचा. पॅलेटवर साचलेलं पाणी नाइफने निपटून काढत होतो. विजा कडाडायला लागल्या तेव्हा ट्रायपॉड उचलून घंटा टांगलीय त्या दगडी आडोशाला गेलो, चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली ती घंटा, मेरी आणि बाळ येशू कोरलेली, वर १७०७ साल. तिच्याखाली उभं राहून देवळाच्या शिखरावरचं शेवटचं ऊन लावलं, पांढऱ्यात जरासा ऑकर.

बायकाही तिथेच आल्या, डोक्यावर ओल्या वाकळा. फळी बघितली आणि त्यांचा वादच सुरू झाला. एक म्हणे ही लाल माझी, दुसरी म्हणे तुझी खालच्या पायरीवर होती. एका फटकाऱ्यातून त्यांना आपापली वाकळ ओळखू येत होती! चित्राबद्दल मला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे, अगदी मनापासून सांगतो.

तेव्हापासून वॉटरकलर सुटलं नाही, पण घाटाला जाताना ऑइलचीच पेटी उचलतो. ज्यांना सुरू करायचंय त्यांनी सहा बाय आठच्या फळ्यांपासून करावं, टर्पेंटाइन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत न्यावं, आणि ओली फळी एसटीत नेताना दोन फळ्या समोरासमोर ठेवून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालून बांधाव्यात. जाड पांढरा आतून सुकायला खूप वेळ घेतो, त्यामुळे वार्निशची घाई सहा महिने तरी करू नये.