वधूपित्याची हनुवटी

लग्नाचे फोटो काढणाऱ्या कोणालाही विचारा, अल्बम बघताना घरातली मंडळी नक्की कुठल्या फोटोवर थांबतात. नवरा-नवरीच्या फोटोवर तर अजिबात नाही. तिथे "अय्या किती गोड" म्हणतात आणि पान उलटतात. थांबतात ते कुठल्यातरी कोपऱ्यातल्या चेहऱ्यावर, म्हणजे पाठवणीच्या वेळी लांब जाऊन मोबाईलमध्ये डोकं घातलेला भाऊ, नाहीतर आजी, नाहीतर मुलीचे बाबा. दादर, पार्ले, डोंबिवली असे हॉल फिरत मी बरीच वर्षं हेच करतेय, शनिवार-रविवार लग्नं आणि मधल्या दिवसांत पोर्ट्रेट, आणि माझं एक मत आता पक्कं झालंय की चेहऱ्यावर भाव पूर्ण उमटलेला असला की बघणाऱ्याला काही कामच उरत नाही. खळखळून हसणाऱ्या माणसाचा फोटो लाइक होतो. हसू येता येता कुठेतरी अडकलंय अशा माणसाचा फोटो बघणाऱ्याला धरून ठेवतो.

मुलीच्या बाबांचंच घ्या. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं की सगळे कॅमेरे, सगळे मोबाईल अंतरपाटाकडे वळतात, आणि मी तेव्हा ८५ ची, म्हणजे लांबून चेहरा जवळ आणणारी लेन्स लावून थोडी बाजूला सरकते आणि बाबांना फ्रेममध्ये घेते (अंतरपाटाला आमचा दुसरा फोटोग्राफर असतोच). तर व्याही समोर उभे असतात म्हणून बाबांचे ओठ हसत असतात, गालही वर आलेले असतात, पण भुवयांची आतली टोकं किंचित वर उचलली जातात आणि हनुवटी आवळते. रडू दाबताना हनुवटीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते, तुम्ही आरशात करून बघा, आणि गंमत म्हणजे ते ज्याचं होतं त्याला कळतही नाही. हे सगळं जेमतेम सेकंदभर टिकतं. मग कोणीतरी येऊन "काका, पहिली पंगत बसवू का?" विचारतो आणि चेहरा परत यजमानाचा होतो.

मागे एकदा सिलेक्शनला बसलेलो असताना हाच फोटो स्क्रीनवर आला तर मुलीची आई म्हणाली, "अगं यात ह्यांचे डोळे किती बारीक आलेत, दुसरा नाहीये का?" शेजारी आत्या बसली होती, ती स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणाली, "राहू दे वहिनी. हाच घ्या."

आता हे असं का होतं यावर मी जेवढं वाचलंय त्यातलं मला सगळ्यात पटलेलं उत्तर आपल्याच नाट्यशास्त्रात आहे. भरतमुनी म्हणतात की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की रस निर्माण होतो. सोप्यात सांगायचं तर विभाव म्हणजे कारण आणि अनुभाव म्हणजे त्या कारणाने चेहऱ्यावर-शरीरावर जे दिसतं ते. आणि व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे भाव, शंका, लाज, चिंता, असे ३३ सांगितलेत. आणि रस अनुभवतो प्रेक्षक. नाटकात हे सगळं समोर घडतं. पोर्ट्रेटमध्ये काय होतं, तर फोटोग्राफर चेहरा जवळून कापतो आणि विभाव फ्रेमच्या बाहेर टाकून देतो! उरतो फक्त अनुभाव. कारण काय ते दिसत नाही, मग बघणारा स्वतःच्या खिशातलं कारण काढून तिथे ठेवतो. आत्याने त्या हनुवटीत स्वतःचे वडील बघितले असतील किंवा अजून काही, मला माहीत नाही, पण तिने काहीतरी भरलं हे नक्की. चेहऱ्यावर ठसठशीत एकच भाव असेल तर हे भरायला जागा राहत नाही.

रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास याचा प्रयोगच केला होता. मोजुखिन नावाच्या नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट, फारसा काही भाव नसलेला, तो त्याने एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईला. लोकांना वाटलं काय अभिनय केलाय, भूक काय, दुःख काय. शॉट तोच. आपल्याकडे हा प्रयोग घरोघरी होतो फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. कोणी गेलं की तासाभरात फोटो शोधायची घाई होते, आणि धड फोटो मिळतो तो कुठल्यातरी लग्नातल्या ग्रुप फोटोतला. तो कापून, मागचं मखर पुसून, स्टुडिओवाला रात्रीत एन्लार्ज करून देतो. लग्नात जिलेबीवरून कोणीतरी जोक मारला म्हणून काका हसत होते, तेच हसू हार घातल्यावर बघवत नाही. चेहऱ्यावरचा एक स्नायू बदललेला नसतो.

आणि म्हणून प्रसिद्ध पोर्ट्रेटबद्दल आपण जे छातीठोकपणे बोलतो ना, "त्या डोळ्यांत अख्खं युद्ध दिसतं" वगैरे, ते मी जरा सावधपणेच ऐकते. ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत फोटो काढला, जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगाने त्यात भीती वाचली, निर्वासितांचं दुःख वाचलं. २००२ मध्ये शरबत गुला सापडली तेव्हा तिला त्या क्षणाबद्दल आठवत होता तो राग. अनोळखी माणूस फोटो काढतोय याचा राग. तिचं दुःख खोटं होतं असं नाही, ती खरंच घर सोडून आलेली होती, पण त्या क्षणी चेहऱ्यावर जे होतं त्याचं कारण कॅमेऱ्यामागे उभं होतं.

चर्चिलचंही तसंच. ३० डिसेंबर १९४१, कॅनडात ओटावाच्या संसदेत भाषण झाल्यावर यूसुफ कार्शने त्याचा फोटो काढला. चर्चिल तोंडातला सिगार काढेना, तर कार्शने पुढे होऊन तो सरळ उपटून घेतला आणि परत येऊन बटण दाबलं. जो वैतागलेला चेहरा आला तो हिटलरसमोर न झुकणारं ब्रिटन म्हणून जगभर छापला गेला. म्हणजे विभाव सिगार, आणि रस बघा, वीर! लगेच पुढच्या फोटोत चर्चिल हसलाय, तोही फोटो आहे, चांगला आहे. कोण लक्षात ठेवतं.

डोरोथिया लँगचा १९३६ चा कॅलिफोर्नियातला फोटो मला या सगळ्यात वरचा वाटतो. वाटाणे तोडायला आलेल्या मजुरांच्या छावणीतली आई, ३२ वर्षांची, दिसते पन्नाशीची. त्यात मी भावापेक्षा मांडणी बघते. दोन्ही बाजूंच्या मुलांनी तोंडं मागे वळवलीत, मांडीवरचं बाळ झोपलंय, म्हणजे अख्ख्या फ्रेममध्ये एकच चेहरा वाचायला मिळतो. मुलं कॅमेऱ्याकडे बघत असती तर आपली नजर चार ठिकाणी वाटली गेली असती. आणि ती बाई आपल्याकडे बघत नाही, बोटं गालाशी टेकवून लांब कुठेतरी बघतेय. कॅमेऱ्यात बघणारा चेहरा आपल्याला उत्तर द्यायला लावतो, बाहेर बघणारा चेहरा विचारात पाडतो, हा फरक मी क्लायंटलाही समजावून सांगते.

थोडं स्नायूंचं सांगते कारण ते कामाला येतं. १८६२ मध्ये द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने माणसांच्या चेहऱ्यावर विजेचे हलके झटके देऊन कुठला स्नायू ओढला की कुठला भाव दिसतो याचे फोटो छापले, डार्विननेही १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्यातले वापरले. द्यूशेनचं म्हणणं होतं की ओठ कोणीही मुद्दाम ओढू शकतं, पण डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा हुकमात नसतो. म्हणून "स्माइल प्लीज" म्हटलं की तोंड हसतं आणि डोळे पासपोर्ट ऑफिसात बसल्यासारखे राहतात. दुसरी गंमत बघणाऱ्याच्या चेहऱ्यात असते. हसरा किंवा रागावलेला चेहरा बघताना आपलेही तेच स्नायू अगदी बारीक हलतात, उल्फ डिमबर्ग या स्वीडिश संशोधकाने चेहऱ्याला इलेक्ट्रोड लावून ते मोजलंय. इलेक्ट्रोड कशाला, जहांगीर आर्ट गॅलरीत एखादं पोर्ट्रेटचं प्रदर्शन असेल तेव्हा भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि लोकांची तोंडं बघा. मी बघते. वॉचमनला संशय येतो, पण बघते.

मग असा अर्धवट चेहरा मिळवायचा कसा, तर बोलून. सांगून येत नाही. समोरच्याला आईबद्दल विचारा, पहिल्या खोलीच्या भाड्याबद्दल विचारा (मुंबईत हा प्रश्न कधी फुकट जात नाही), आणि तो उत्तर देताना फोटो काढू नका. उत्तर संपलं, तोंड मिटलं, आणि मनात अजून तेच चालू आहे, तेव्हा काढा. डोळ्यात खिडकीचा एक उजेडाचा ठिपका असू द्या, तो नसला की डोळा मेल्यासारखा दिसतो मग भाव कितीही असो. गौतम राजाध्यक्षांनी (१९५०-२०११) काढलेले जुन्या अभिनेत्रींचे फोटो बघा, उजेड इतका मऊ की वय लपत नाही आणि टोचतही नाही. त्यांच्या तरुण स्टार लोकांच्या फोटोंपेक्षा मला तेच जास्त आवडतात.

आणि आता माझी तक्रार. हल्ली फोन स्वतःहूनच कातडी गुळगुळीत करतो आणि अल्बमवाल्यांकडे तर सगळ्या घराण्याला एकच मैदा लावून मिळतो. नवरीचं करा की, तिचा दिवस आहे. पण बाबांच्या फोटोवर तो ब्रश फिरवला की आधी हनुवटीवरचे ते खळगे जातात, मग कपाळावरची ती भुवईची ओढ जाते, आणि उरतो फेटा घातलेला एक हसरा गृहस्थ. त्यामुळे मी हल्ली कोटेशनमध्येच लिहून टाकते, स्किन स्मूथ करून मिळेल, पन्नाशीच्या पुढच्यांची मिळणार नाही. यावरून भांडणं होतात, मावश्या तर फोन करून करून बोलतात. एका मावशींनी स्वतःपुरतं वय एकोणपन्नास लिहून पाठवलं, त्यांची केली.