चोक मागितला, ट्यूबलाइटचा मिळाला

शेजारच्या काकू गाणं शिकवतात. घरात मिरजेचे दोन तानपुरे. माझा व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या ट्यूबचा) गिटार अँप सुरू झाला की भिंतीपलीकडून हाक यायची, "अरे, तुझा तो डबा पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे घरघरतोय. काहीतरी एक ठरव!"

कान पक्का. आपली वीज ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरची घरघर १०० हर्ट्झची, आणि तो सूर खरंच त्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो.

अँप मी फेंडर कंपनीच्या चॅम्प ५एफ१ या छोट्या अँपच्या सर्किटवरून बांधलेला, शेवटी एकच सिक्स-व्ही-सिक्स व्हॉल्व्ह. त्यात चोक, म्हणजे घरघर अडवणारी लोखंडावरची तारेची गुंडाळी, नाहीच. घरघर गाळणाऱ्या कपॅसिटरच्या मधे १० के आणि २२ केचे (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर, बस्स. मला वाटलं, स्वस्तातल्या अँपात कंजुषी केली असणार. १० के काढून चोक टाकू.

सांगलीत चोक मागितला की ट्यूबलाइटचा पुढ्यात येतो. "ट्यूबच्या अँपला हवाय" म्हटल्यावर तर दुकानदाराला शंकाच उरली नाही.

शेवटी वाइंडिंगवाल्याकडं गेलो. दुकानभर उसाच्या पाण्याच्या मोटारी. "सर, मोटार असती तर डोळं झाकून फेरं मारलं असतं. ह्येला किती मारायचं?" मी हिशेब करून नेला होता, ४ हेन्री. ट्रान्सफॉर्मरला ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या आलटून पालटून भरतात. इथं सगळ्या ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला, मधे कागद. डीसीच्या चुंबकत्वानं लोखंडी कोअर तुंबू नये म्हणून ही फट. त्याला पटेना. "फट ठिवली की गुणगुणतंय बघा." तरी वार्निश पाजून दिला.

घरी १० केच्या जागी लावला. (कपॅसिटर आधी रिकामे करून. एकदा हिसका खाल्लाय.) घरघर जवळजवळ तेवढीच! वर स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचा) व्होल्टेज २७८ वरून ३१८ वर, व्हॉल्व्ह तापलेला, आणि आवाज कोरडा. आधी जोरात कॉर्ड मारली की स्क्रीनचा करंट वाढायचा, १० केवर व्होल्टेज पडायचा, आवाज क्षणभर दबून मग फुलायचा. ज्याला मी कंजुषी समजत होतो, तीच तर या अँपची गंमत होती.

घरघर १० केच्या आधीच शिरत होती. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पहिल्या कपॅसिटरवरूनच सप्लाय. दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल अँपमध्ये दोन बाजूंची घरघर एकमेकींना खाते, इथं व्हॉल्व्ह एकटा. म्हणून चोक ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायच्याही आधी आणला, एक कपॅसिटर वाढवला. इथून सगळा ५० मिलिअँपिअर जातो. ४ हेन्रीचा चोक १०० हर्ट्झला साधारण २५०० ओहमचा अडथळा करतो. तेवढा रेझिस्टर लावला असता तर १२५ व्होल्ट गिळून सहा वॅटची शेगडी झाली असती. माझ्या चोकची तार १२० ओहमची, सहा व्होल्टवर भागलं.

१० के परत जागेवर.

काकूंनी विचारलं, "बिघडला का रे डबा?" चालूच होता. चॅसिसवर हात ठेवला तर मात्र चोक बारीक गुणगुणतो. वाइंडिंगवाल्याला अजून सांगितलेलं नाही.