शेळ्यांच्या शेडवरचा चेंडू : पन्हळीचा माथा सापडला

मंडळी, चेंडू शेडवर कुठल्या फटक्यानं आला हे पावसाळाभर अडून बसलेलं गणित परवा एका फुटक्या तुकड्यानं सोडवलं. मागचा मजकूर ज्यांनी वाचलाय त्यांना शेड आठवत असेल. बाकीच्यांसाठी दोन ओळी. बेळगावात खानापूर रस्त्याच्या बाजूला गोल्फचं एक खाजगी सराव-मैदान आहे, नाव लिहीत नाही. टीचं, म्हणजे चेंडू मारायच्या जागेचं, तोंड पश्चिमेला. टीपासून 165 मीटरवर, मधल्या रेषेच्या 11 अंश उजवीकडे आप्पांची शेळ्यांची शेड. वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी एक चेंडू छपरातल्या पारदर्शक फायबरच्या पत्र्यातून आरपार आला आणि मागच्या भिंतीच्या गिलाव्यात खळगा पाडून थांबला. शेळ्या वाचल्या. प्रकरण कोर्टात नाही. मैदानाचे मॅनेजर आणि आप्पा अजून एकाच टपरीवर चहा पितात, आणि दोघांनीही मला मापं घेऊ दिली.

मॅनेजरांचं म्हणणं, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, केव्हाच बंद केलाय आणि आयर्ननं, म्हणजे धातूच्या पात्याच्या आखूड काठीनं, एवढं लांब जात नाही. आप्पांचं म्हणणं, शेडपुढची जाळी उंच करा. माझं म्हणणं मापं हातात आल्यावर.

भोक आणि खळगा हे दोन बिंदू म्हणजे घबाडच वाटलं होतं. बहुतेक वेळा पडलेला चेंडू तेवढा हाती येतो, आणि एका पडलेल्या जागेवर हजार वाटांनी पोचता येतं. इथं मात्र शेवटच्या तीनेक मीटरांची वाटच उमटलेली. दोरी ताणली, ओळंबा सोडला. आप्पा गव्हाणीवर बसून बघत होते. म्हणाले, "दोरी बांधून काय मोजूलालाय ओ? चेंडू वरनं आला, एवढं शेळ्यांनाबी ठाऊक हाय." उतरणीचा कोन 43 अंश भरला. आणि वरून बघितलं तर दोरी टीकडून येणाऱ्या सरळ रेषेशी साधारण 13 अंशांनी वळलेली, उजवीकडे झुकत.

हा दुसरा आकडा खरा महत्त्वाचा. टीवरूनच उजवीकडे सुटलेला सरळ चेंडू, म्हणजे पुश, शेडवर येतो तेव्हा टी आणि शेडला जोडणाऱ्या रेषेतूनच येतो. स्लाइस निघतो सरळ किंवा थोडा डावीकडे, आणि सगळं वळण वाटेत घेतो. उतरताना वेग कमी झालेला असतो, आडवा वेग मात्र साठत आलेला असतो, म्हणून तो तिरपा घुसतो. तेव्हा हे 13 अंश खरे असतील तर स्लाइस, खोटे असतील तर पुश. आणि उपाय दोन्हींचे वेगळे.

घोडं इथंच अडलं. दोरी सांगते ती पत्रा फोडल्यानंतरची वाट. पत्र्याआधीची वाट कुठली?

साध्या सपाट काचेचं असतं तर निभावलं असतं. हा पडला पन्हळी पत्रा. पन्हळी पूर्व-पश्चिम धावतात, उताराच्या दिशेनं. चेंडू पन्हळीच्या माथ्यावर बसला तर आडवा धक्का जवळजवळ नाही. कुशीवर, म्हणजे उतरत्या बाजूवर, बसला तर पत्रा त्याला उत्तरेला किंवा दक्षिणेला ढकलतो. म्हणजे ज्या 13 अंशांवर सगळं उभं आहे, ते 13 अंश एखाद्या पन्हळीच्या कुशीनंही दिलेले असू शकतात. आप्पांनी त्या भोकात पहिल्या पावसातच खताचं पोतं कोंबलेलं, कडा मोडून गेलेल्या. भोक पन्हळीच्या कुठल्या भागावर पडलं ते कळायला मार्ग नव्हता.

मग माळावर चाचण्या. चेंडूफेक यंत्राची दोन चाकं मी उद्यमबागेतल्या ओळखीच्या कारखान्यात पॉलियुरेथेन चढवून घेतली, आणि या कामात तिथल्या माणसांचा हात धरणारं कुणी नाही. ऑनलाइन मागवलेल्या रबरी चाकांचं अस्तर वेग चढताच सुटून उडतं, कुणी घेऊ नका. चाकांचं गणित तेच जुनं: चेंडूचा वेग म्हणजे दोन्ही कडांच्या वेगांची सरासरी, आणि फिरकी दोघांतल्या फरकावर. 58 मीटर प्रति सेकंद वेग आणि 3000 आरपीएम (मिनिटाला फेरे) उलटी फिरकी हवी तर कडांचे वेग 64.7 आणि 51.3 ठेवायचे. 300 मिलिमीटरचं चाक त्यासाठी चार हजारांवर फिरतं, तेव्हा बॅलन्सिंग केल्याशिवाय आणि वर लोखंडी कवच घातल्याशिवाय जवळ उभं राहू नये. पत्र्याच्या चाचणीला एवढं लागत नाही. उतरणारा चेंडू 28 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. 45.93 ग्रॅमच्या चेंडूत तेव्हा 18 ज्यूल उरलेले असतात.

दुकानातला नवा फायबरचा पत्रा लावला, तर चेंडू टणकन परत! एकदाही आरपार नाही. उन्हानं पिवळा पडलेला, बोट लावलं की कुसळ निघणारा पत्राच लागतो. शेवटी आप्पांच्याच छपरावरचे, त्याच वयाचे पत्रे उतरवून घेतले आणि बदल्यात नवे घालून दिले. (या संशोधनाचा आतापर्यंतचा एकमेव निर्विवाद लाभार्थी म्हणजे आप्पांची शेड.)

जुन्या पत्र्यानं दोन गोष्टी दाखवल्या. एक, पत्रा खातो तो स्वतःच्या पृष्ठभागाला लंब असलेला वेग. त्यामुळे फोडल्यानंतरची वाट आधीपेक्षा उताणी होते. छपराचा 12 अंशांचा उतार आणि आत पडता पडता लागणारं गुरुत्वाकर्षण धरून आपल्या 43 अंशांमागे साधारण 48 निघतात. दुसरी, कुशीवर बसलेला चेंडू सहज दहा-बारा अंश वळतो, माथ्यावरचा एखाद-दुसरा. म्हणजे भीती खरी होती, आणि पुश की स्लाइस हे पत्र्यावरून ठरणार नव्हतं. महिनाभर फाइल उघडलीच नाही.

परवा जुने पत्रे परत करायला गेलो, तर आप्पांनी गव्हाणीखालून एक तुकडा ओढून काढला. "हा त्या दिवशीचाच. शेळी खाईल म्हणून सारला होता." तळहाताएवढा तुकडा, एका बाजूला चंद्रकोरीसारखी तुटलेली कड आणि तिथून निघालेल्या बारीक चिरा. चिरा मागे वाढवत नेल्या की एका बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू बरोब्बर पन्हळीच्या माथ्यावर! माझ्या चाचण्यांतल्या माथ्यावर फुटलेल्या तुकड्यांशेजारी ठेवला तर ओळखू येईना. तेव्हा 13 अंशांतला फार तर एखाद-दुसरा पत्र्याचा, बाकीचे चेंडूचे स्वतःचे. स्लाइस. त्या संध्याकाळी टपरीवर सगळ्यांच्या चहाचे पैसे मी दिले.

आता 48 अंशांचं. चेंडूची वाट काढणारा माझा प्रोग्रॅम आधी ओळखीच्या फटक्यांवर ताडून घेतला होता. व्यावसायिकांच्या ड्रायव्हरची ट्रॅकमनची (चेंडू मोजणाऱ्या रडारची) काही वर्षांपूर्वीची सरासरी, चेंडूचा ताशी 167 मैल वेग, निघताना 10.9 अंश, 2686 आरपीएम, ही घातली की 275 यार्डांचा कॅरी (हवेतलं अंतर) आणि 38 च्या आसपासची उतरण मिळते. त्यांचा सात नंबरचा आयर्न 50 अंशांनी उतरतो. हवेच्या ओढीचे आणि उचलीचे गुणांक बेअरमन-हार्वी या संशोधकांच्या 1976 च्या वाऱ्याच्या बोगद्यातल्या मापांवरून. आपल्याकडे फक्त हवा पातळ करावी लागते: समुद्रसपाटीला 15 अंशांवर घनता घनमीटरला 1.225 किलो, इथं साडेसातशे मीटर उंचीवर, 25 अंशांच्या संध्याकाळी 1.08 च्या जवळ.

48 अंश बघून मॅनेजर खूश. "बघा की सर, आयर्नच हा." शांत हवेत त्यांचं बरोबर. पण शांत हवेत हौशी माणसाचा आयर्न सहसा 165 मीटर जात नाही, आणि पाठवारा धरला तर उतरण उताणी होते. उलट समोरचा वारा घ्या. चेंडूला हवेचा वेग लागतो, जमिनीचा नाही. 58 नं निघालेल्या चेंडूला समोरून 8 मीटर प्रति सेकंद वारा मिळाला तर सुरुवातीचं ओढ आणि उचल दोन्ही बल 30 टक्क्यांपर्यंत वाढतं. चेंडू फुगतो, वर चढतो, आणि उभा खाली येतो. ड्रायव्हरचे 38-40 मग 48 होतात, आणि दोनशेच्या घरातला कॅरी 165 च्या आसपास. सांबरा विमानतळाच्या त्या संध्याकाळच्या अहवालांत वारा पश्चिमेचाच, जूनमध्ये दुसरा असतो कुठं? सांबरा तिथून लांब, आणि तीस मीटर उंचीवरचा वारा जमिनीवरच्यापेक्षा जोरात, म्हणून 8 हा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. दिशा मात्र सांगेन, आणि दिशा आयर्नच्या विरुद्ध जाते. कुणीतरी ड्रायव्हर मारला. मॅनेजरांना हे सांगितलं तेव्हा ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. मला कळलं, पण लिहीत नाही.

आता जाळी. आप्पांची मागणी ऐकायला सरळ आहे, पण शेडपुढं जाळी म्हणजे वरून उतरणाऱ्या चेंडूपुढं भिंत. ड्रायव्हर असो की आयर्न, चेंडू वाटेत पंचवीस-तीस मीटर उंच जातो. पोलिसांच्या मनोऱ्याएवढे खांब कोण रोवणार? टीजवळ मात्र चेंडू हातात असल्यासारखा असतो. माझ्या आकड्यांत निघताना उचल आणि वजन जवळजवळ सारखं येतं, दोन्ही 0.45 न्यूटनच्या घरात, म्हणून पहिले काही मीटर तो जवळजवळ सरळ रेषेत जातो. 13 अंशांनी निघाला तर दहा मीटरवर फक्त 2.3 मीटर उंच. तिथं चार मीटरची जाळी 21 अंशांपर्यंतचं सगळं अडवते. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी हेच लिहून दिलं होतं: टीच्या उजव्या बाजूला बुटकी जाळी.

पण माथा सापडल्यावर हा उपाय लंगडा पडतो. उजवीकडची जाळी पुश अडवेल. स्लाइस तिच्या डावीकडून निघतो, तिला ओलांडतो आणि मग वळतो. आता मी सुचवतोय ते टीच्या चटया डावीकडे फिरवणं आणि सगळ्यात उजवीकडची टी बंद करणं, जाळी त्याच्या जोडीला. यात नवं काही नाही. 1922 च्या सेंट ऑगस्टिन्स लिंक्सच्या खटल्यात तेराव्या टीवरून निघालेल्या चेंडूनं टॅक्सीवाल्याचा डोळा गेला, तेव्हा इंग्रज न्यायाधीशांनी बोट ठेवलं ते रस्त्यालगतच्या त्या टीच्या आणि होलच्या जागेवर. उलट मैदानाबाहेर गेलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या बोल्टन विरुद्ध स्टोन खटल्यात, 1951 साली, चर्चा कुंपणाची: माथा खेळपट्टीपेक्षा 17 फूट वर, फलंदाजापासून 78 यार्ड, तीसेक वर्षांत जेमतेम सहा चेंडू बाहेर. क्लब जिंकला. पण ते क्रिकेट. तिथला फलंदाज दर चेंडूला षटकार मारत नाही, इथं प्रत्येक जण मारायलाच आलेला असतो.

एका वकील मित्रानं अहवाल वाचून विचारलं, "एकच रेषा काढून दे ना, हीच वाट म्हणून." भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचं मत चालतं, ठीक. पण एकच गुळगुळीत रंगीत रेषा काढणारा तज्ज्ञ मला संशयास्पद वाटतो. वेग, फिरकी, वारा सगळं थोडं थोडं हलवून हजारो वाटा सोडायच्या आणि कुठल्या वाटा भोक, खळगा आणि तुकडा तिन्हींशी जुळतात ते दाखवायचं. माझ्याकडे जुळलेल्या वाटांचा झुबका आहे, रेषा नाही. तो झुबका जवळजवळ सगळा स्लाइसचा आहे.

पुढचं काम म्हणून जास्त फ्रेमचा कॅमेरा आणायचं ठरलं होतं. मोबाइलचे 240 फ्रेम 3000 आरपीएमला पुरतात, एका फेऱ्याला 4.8 फ्रेम मिळतात. आयर्नच्या 7200 ला मात्र फेऱ्याला नेमक्या दोनच, आणि चेंडूवरची रेघ पुढं फिरतेय की मागं तेच कळत नाही. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. शेडच्या उरलेल्या छपराला लोखंडी पत्रा आहे, आणि त्यावर जुने पोचे आहेत. लोखंड फुटत नाही, पोचा जपून ठेवतं. तिरप्या माऱ्याचा पोचा लांबट होतो आणि त्याची लांब बाजू चेंडूची दिशा सांगते. कुशीवरचे सोडून फक्त माथ्यावरचे पोचे कागद ठेवून खडूनं घासून घेतले, तर एका चेंडूऐवजी गेल्या काही वर्षांचा हिशेब मिळेल: पुश किती, स्लाइस किती. चटई किती अंश फिरवायची ते त्यावरून ठरवता येईल, माझ्या एका तुकड्यावरून नाही.

कॅमेऱ्याचे पैसे तूर्त राखून. रविवारी शिडी घेऊन जातोय. जुन्या पत्र्यावर पाय कुठं ठेवायचा हे आप्पा दाखवणार आहेत, खिळ्यांच्या ओळीवरच, एरवी माझंच भोक मोजायची वेळ यायची. ज्यांच्याकडे घासून घ्यायला जाड, मऊ खडू आहे त्यांनी दुकान कळवा. खडे बाजारातले सगळे शाळेचे निघाले, ते कागदावर भुगा होतात.