खालची पट्टी

दूरचित्रवाणीवरील जाहिरातींबद्दल माझी मूळ तक्रार नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून व्यावसायिक जाहिराती दिसू लागल्या आणि तेव्हापासून आपल्याकडचा प्रेक्षक त्यांच्यासकटच कार्यक्रम पाहत आला आहे. त्यांतल्या कित्येक जिंगल आमच्या पिढीला आजही तोंडपाठ आहेत. ब्रेक लागला की उठावे, गॅसवरचे दूध पाहावे, दाराची कडी लावावी, राहिलेला फोन करावा, असा त्या दोन-चार मिनिटांचा आमच्या घरांत उपयोग ठरलेला असतो. कार्यक्रम थांबतो, जाहिरात येते, जाहिरात संपते आणि कार्यक्रम पुन्हा सुरू होतो; कोणाची हद्द कुठे संपते हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडे विकणाऱ्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही, काही जण तर वड्यांच्या आशेनेच पहिला अंक शांतपणे पाहतात. पण तोच विक्रेता दुसऱ्या अंकात परात घेऊन, नायिकेचे स्वगत चालू असताना रंगमंचावरून चालत गेला, तर त्याची गाठ थेट प्रेक्षकांशी पडेल.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र हा परातवाला रोज संध्याकाळी फिरतो आहे. दृश्य चालू असतानाच तळाशी एक रंगीत पट्टी सरकत येते, तिच्यात तेलाची बाटली उड्या मारते, कधी कोपऱ्यातून साबणाची वडी उगवते, तर कधी सगळे चित्रच आक्रसून एका कोपऱ्यात जाते आणि डावीकडे व खाली मिळून काटकोनी आकाराची जागा कुठल्याशा सिमेंटला मिळते. या व्यवसायातले लोक त्यांना ॲस्टन बँड, एल बँड अशी नावे देतात. त्यांच्या जन्माचे कारण उघड आहे. हातात रिमोट आल्यावर ब्रेक लागताच प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीवर पळू लागला, आणि पळणाऱ्याला गाठायचे तर तो जिथून हलत नाही तिथेच, म्हणजे ऐन प्रसंगात, उभे राहणे भाग होते. धंद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही. पण त्यामागे एक समजूत गृहीत धरलेली असते की पडद्याचा खालचा भाग तसा रिकामाच असतो, तिथे काही लावले तर कोणाचे काय बिघडते? माझे सारे भांडण या समजुतीशी आहे.

पडद्याच्या खालच्या भागात माणसांचे हात असतात. पाककृतीच्या कार्यक्रमात बाई वरून बोलत असतात, पण कढई खाली असते. मोहरी तडतडली का, कांदा कितपत तांबूस झाला, चिंचेचा कोळ किती घातला, हे सगळे जिथे घडते नेमके तिथेच तयार मसाल्याची पट्टी येऊन बसते, आणि ‘एवढंच घालायचं बरं का’ हे वाक्य तेवढे आपल्याला ऐकू येते. साहित्याची लेखी यादीही तळाशीच दाखवण्याची पद्धत असल्यामुळे तिची गतही तीच होते. गाण्यांच्या स्पर्धेत गायकाचा चेहरा वर असतो, तबलजीची बोटे आणि पेटीवाल्याचा हात खाली असतो. एखाद्या लावणीत ढोलकीवाला तुकडा घेऊन समेवर येत असताना कॅमेरामनने हौसेने त्याच्या हातांवर नेलेली नजर टायर आणि इन्व्हर्टर झाकून टाकतात. परभाषेतला चित्रपट असेल तर उपशीर्षके तळाशी असतात, आणि तो माणूस मरताना शेवटी काय म्हणाला हे आपल्याला कधीच कळत नाही. नृत्यात पाय खाली असतात. क्रिकेटमध्ये जमिनीलगत सीमारेषेकडे धावणारा चेंडूही पुष्कळदा खालीच असतो. धूम्रपानविषयक वैधानिक इशाराही त्याच जागेवर येतो, हे खरे. पण तो कायद्याने आलेला आहे आणि निदान उड्या मारत नाही.

मालिकांची तऱ्हा आणखी निराळी, कारण तिथे परक्या मालाबरोबर वाहिनी स्वतःचाही माल पट्टीवर मांडते. नायिका रुग्णालयात मृत्यूशी झुंज देत असते, डॉक्टर चष्मा काढून मान हलवतात, सासूबाई देवघरात दिवा लावतात, पार्श्वसंगीत टिपेला पोहोचते. आणि नेमक्या त्या क्षणी उजव्या कोपऱ्यात तीच नायिका पैठणी नेसून, नथ घालून, हात जोडून उगवते आणि येत्या रविवारच्या दोन तासांच्या महाएपिसोडचे आमंत्रण देते. ती वाचणार हे आम्हांला ठाऊकच होते, तो प्रश्न नाही. पण लेखकाने, दिग्दर्शकाने आणि त्या बिचाऱ्या डॉक्टरने दहा मिनिटे खपून बांधलेला ताण त्यांच्याच वाहिनीने असा फुकट घालवावा, याचे नवल वाटते.

यावर कायदा नाही असे समजण्याचे कारण नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सातव्या नियमात जाहिरातींची संहिता आहे. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर दाखवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये, असे त्या संहितेत चक्क लिहिलेले आहे. ज्याने कोणी हे कलम लिहिले त्याने बहुधा घरी बसून एखादी पाककृती उतरवून घेण्याचा प्रयत्न केला असावा. त्याच नियमात जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. त्यांपैकी १० मिनिटे व्यावसायिक जाहिरातींना आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीला. मे २०१२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, आणखी पुढचे पाऊल टाकले आणि जाहिरात पूर्ण पडद्यावरच दाखवावी, अर्ध्यामुर्ध्या पडद्यावर नको, असे विनियम काढले. मार्च २०१३ मधल्या दुरुस्तीत ही अट गळाली आणि मिनिटांची मर्यादा तेवढी उरली. त्या मर्यादेविरुद्धही वाहिन्या न्यायालयात गेल्या. नियम पुस्तकात राहिला, पट्टी पडद्यावर राहिली, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते.

या सगळ्यात मला एकाच पट्टीविषयी काहीशी आपुलकी आहे, आणि ती म्हणजे गावच्या केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीवरची. शिळा चित्रपट, त्याखाली सरकणाऱ्या अक्षरांत साड्यांचा सेल, दहावीच्या क्लासची प्रवेशसूचना, माजी नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि उद्या सकाळी अमुक भागात पाणी येणार नाही ही खबर. तिथे चित्रपट हे निमित्त असते आणि लोक पट्टीच वाचायला बसलेले असतात, त्यामुळे कोणी कोणाला फसवत नाही. तक्रार आहे ती पैसे मोजून घेतलेल्या वाहिन्यांची. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दररचना आली तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी कर वगळून महिन्याला १३० रुपयांपर्यंत आकारणी होती आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. एकेक वाहिनी निवडून, तिची छापील किंमत भरून घरात आणायची आणि तिचा खालचा भाग मात्र दुसऱ्याला विकलेला निघायचा, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

ब्रेक एका मिनिटाने वाढवा, पण पट्टी काढा, असा सौदा माझ्यासारखे अनेक जण आनंदाने करतील. मात्र त्यासाठी आरडाओरडा करणारे आम्ही पन्नाशीपुढचेच आहोत, हे घरातच लक्षात येते. परवा गाण्याचा कार्यक्रम पाहताना मी पट्टीवर वैतागलो, तेव्हा शेजारी बसलेल्या पुतणीने मनापासून विचारले, “काका, कुठली पट्टी?” तिच्या डोळ्यांनी पडद्याचा तेवढा भाग वगळूनच पाहायचे केव्हाच ठरवून टाकले आहे, म्हणजे जाहिरातदाराचे पैसेही पाण्यात. साथीला तबल्यावर कोण होते, असे मी तिला विचारले; तर तबला होता, हेही तिला सांगता आले नाही.