शुद्ध वचन आणि खोटी लेखणी

बायबलमधलं देवाचं वचन शुद्ध म्हणतात, मग त्यातच एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी कशा, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इथे अमळनेरला संडे स्कूलमधली मोठी मुलं हे विचारतात आणि शेजारीही विचारतात. शेजाऱ्यांचं विचारणं अहिराणीत, म्हणून जरा थेटच: "देवना शब्द शुद्ध शे म्हनतस, मंग हाई काय शे?"

'हाई' म्हणजे यिर्मया ८:८, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायातलं आठवं वचन. बारावं स्तोत्र सांगतं की परमेश्वराची वचनं मुशीत सात वेळा शुद्ध केलेल्या चांदीसारखी आहेत. यिर्मया शास्त्र्यांना, म्हणजे देवाचं नियमशास्त्र लिहून काढणाऱ्यांना, तोंडावर सुनावतो, तुमच्या खोट्या लेखणीनं नियमशास्त्राचंच खोटं करून टाकलं. एका पुस्तकात दोन्ही कसं?

आधी बारावं स्तोत्र अख्खं वाचावं. आठच वचनं आहेत, पण मोबाईलवर फिरतं ते फक्त सहावं. सुरुवातीला तक्रार आहे: जो तो शेजाऱ्याशी खोटं बोलतो, ओठांवर गोडवा आणि मनात दुसरंच. भाव एक बोलायचा आणि काट्यावर दुसरा लावायचा, हे खानदेशात कापूस विकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पाचव्या वचनात देव म्हणतो की दीनांची लूट झाली, गरजवंत कण्हतायत, आता मी उठतो. चांदी येते त्याच्या लगेच नंतर. म्हणजे तिथे शुद्ध म्हटलंय ते दुतोंडी माणसांपुढे दिलेल्या देवाच्या शब्दाला. नकलाकाराच्या हातून कधी अक्षर सुटणार नाही, असं वचन त्या स्तोत्रात कुणी दिलेलं नाही.

आता यिर्मया. भट्टी त्याच्याकडेही आहे, सहाव्या अध्यायाच्या शेवटी. त्या काळी अशुद्ध चांदी शिशाबरोबर तापवत. शिसं मळ ओढून घेई आणि चांदी उरे. यिर्मया म्हणतो, भाता फुंकून फुंकून जळला, शिसं संपलं, मळ काही निघाला नाही. ही माणसं म्हणजे टाकाऊ चांदी. त्याच्या भट्टीत वचन नाही, लोक आहेत. आठव्या अध्यायातला राग त्याच लोकांवर आहे. पुढचंच वचन, ८:९, सांगतं की या शहाण्यांनी परमेश्वराचं वचन नाकारलं. जे खोटं होऊन गेलं ते नाकारायला उरेल कसं? वचन होतं तिथेच होतं. जखम वरवर बांधून 'सगळं ठीक आहे' म्हणत लोकांना निजवणं, हा त्या लेखणीचा उद्योग.

मला खरा अवघड वाटतो तो छत्तिसावा अध्याय, आणि तो कुणीच विचारत नाही. हिवाळा आहे, यहोयाकीम राजा शेगडीपुढे बसलाय. यिर्मयाची गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने झाले की राजा लेखकाच्या चाकूनं तेवढा भाग कापतो आणि आगीत टाकतो. गुंडाळी संपेपर्यंत हेच. मग देव सांगतो, दुसरी गुंडाळी घे. यिर्मयाचा लेखक बारूख पुन्हा सगळं लिहितो, आणि ३६:३२ म्हणतं की त्यात तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली. इकडे नीतिसूत्रे ३०:६ बजावतं, त्याच्या वचनांत भर घालू नको! भर घालणारा कोण, यावर सगळं आहे असं मला वाटतं. माणसानं आपल्या सोयीसाठी घातली तर ती भेसळ. इथे तर ज्याचा शब्द, तोच पुन्हा बोलतोय.

बायबलमध्ये न जुळणाऱ्या आकड्यांचंही विचारतात, त्याचं थोडक्यात. याच यहोयाकीमचा मुलगा यहोयाखीन राजा झाला तेव्हा २ राजे २४:८ प्रमाणे १८ वर्षांचा, २ इतिहास ३६:९ च्या हिब्रू पाठात ८ वर्षांचा. राज्य मोजून तीन महिने, तेवढ्यात बाबेलला कैद. तिथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व ५९२ च्या सुमाराच्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्यांवर त्याच्यासोबत त्याची पाच मुलं नोंदलेली आहेत. कैदेला तोवर जेमतेम पाच वर्षं झाली होती, तेव्हा १८ च खरं. कुठल्याशा नकलेत दहा गळाले. यावर ओढूनताणून खुलासे ऐकलेत, की आठव्या वर्षी बापानं त्याला सहराजा नेमलं होतं वगैरे. मला ते पटत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्यांना तो ८ दिसत होताच, तरी त्यांनी तो गुपचूप १८ केला नाही. मुलांना मी दोन्ही वचनं शेजारी शेजारी उघडून दाखवतो.